मागच्या सीटवरची ताई

माझी ताई दात करते. डॉक्टर नाही, गैरसमज नको. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन लॅबमध्ये पाठवतात, आणि तिथे ताई त्यांच्यावरून आधी मेणात आणि मग पक्क्या मालात दात बसवते, घासते, चकाकी आणते. लॅब म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. सगळी टेबलं भिंतीकडे तोंड केलेली, प्रत्येकावर मान वाकवता येणारा एक दिवा. कोपऱ्यात पॉलिशचं चाक दिवसभर घरघरतं आणि केसांत, भुवयांत पांढरी पूड बसते. तिच्या हाताखालून एवढी तोंडं गेली, पण त्यांतला एकही चेहरा तिनं बघितलेला नाही. त्यामुळे रस्त्यात कुणी हसलं की ती आधी दात बघते, मग माणूस. माझ्या खालच्या एका वाकड्या दाताबद्दलची तिची मतं मी लग्नाच्या आधीपासून ऐकतेय.

हे सांगायचं कारण असं, की ताईच्या समोर कायम काहीतरी आडवं असायचंच. लॅबमध्ये भिंत, घरी ओट्यापुढे भिंत, आणि सायकलवर भाऊजींची पाठ.

सायकलचं सांगते. ताईचं लग्न झालं तेव्हा भाऊजी वीज कंपनीत मीटर वाचायचे. गावातल्या एका बागेत फिरायला आलेल्यांना भाड्यानं सायकली मिळायच्या. तो धंदा बंद पडला तेव्हा भाऊजींनी तिथली दोन सीटांची लांबलचक सायकल घरी आणली. आमच्या माहेरी सायकल नव्हती, ताईला चालवता येत नव्हती. भाऊजी म्हणाले, "तुला यायची गरजच नाही. मागे बस आणि पाय मार." गल्लीनं तिचं नाव ठेवलं आगगाडी. रोज सकाळी दोघं आगगाडीवरून निघायचे, ताई लॅबपाशी उतरायची, आणि भाऊजी मागची सीट रिकामी घेऊन घरोघर मीटर वाचत हिंडायचे. लोक विचारायचे, "आज वहिनी वाटेत सांडल्या की काय?" आणि भाऊजी रोज नव्यानं ऐकल्यासारखे हसायचे. असा सोशिक माणूस मी दुसरा बघितला नाही. सोशिक माणसांचा मला फार राग येतो, कारण त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

त्या सायकलच्या मागच्या सीटवर ब्रेक नव्हता, घंटी नव्हती. हँडल होतं, पण ते नुसतं धरायला. ते वळायचं नाही. पुढचा सांगेल तसं मागच्यानं करायचं. भाऊजी पुढून सांगायचे, "खड्डा", "वळतोय", "सोड". सोड म्हणजे पाय थांबव. ताईला सगळे रस्ते असे कानांनी माहीत झाले. कुठे चढ, कुठे उतार, कुठे दगड, हे ती डोळे मिटून सांगायची. पण वाटेतल्या एका वळणावर पिवळ्या फुलांचं एक झाड आहे, हे तिला मी पायी घेऊन गेले तेव्हा कळलं. "इथे झाड आहे?" म्हणून ती उभीच राहिली. मला हसू आलं होतं. आता येत नाही.

मग भाऊजींचे डोळे गेले. काचबिंदू. तो आधी बाजूचं खातो, समोरचं शेवटी, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. भाऊजींनाही तसंच वाटलं, किंवा वाटून घेतलं. मीटरला नाक लावून आकडे वाचायला लागले, आणि लोक चुकीच्या बिलांच्या तक्रारी घेऊन कंपनीत जायला लागले. शेवटी एका सकाळी त्यांनी आगगाडी सरळ नेऊन एका उभ्या हातगाडीवर घातली. त्यांचा पुढचा दात तुटला, ताईचं मनगट मुरगळलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. दात ताईनं स्वतः करून दिला. त्यांच्या तोंडात तेवढा एकच दात देखणा आहे असं ती म्हणते. डोळे मात्र कुणाला करून देता आले नाहीत. पुढच्या काही वर्षांत उजेड आणि अंधार एवढंच उरलं. कंपनीनं त्यांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. आता ज्यांचे दिवे जातात ते लोक भाऊजींना शिव्या देतात, आणि भाऊजी म्हणतात, "खरंय, अंधारात त्रास होतोच." आगगाडी जिन्याखाली गेली, तिच्यावर जुनी चादर पडली.

दातांवर वाकून वाकून ताईची मान धरली, तेव्हा डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, पाण्याला भिणारी, तिनं पोहायला जायचं म्हणजे आम्हाला घरबसल्या करमणूक होती. पण ती चिकटली. आधी कठड्याला धरून, मग आडवी, मग उभी लांबी पार करायला लागली. मी एकदा विचारलं, "एवढं काय आहे त्या पाण्यात?" ती म्हणाली, "समोर काही नसतं गं." एवढंच. मला तेव्हा ते नीटसं कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर मी जे करते तेच केलं, म्हणजे चेष्टा केली.

पोहण्याच्या तलावाच्या फळ्यावर एक कागद लागला होता. हौशी लोकांसाठी ट्रायथलॉन: आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात. ताईनं तो वाचला आणि त्या दिवसापासून पोहून झालं की मैदानाला फेऱ्या मारायला लागली. तिथला शिकवणारा माणूस गळ्यात कायम शिट्टी घालायचा, त्याला सगळे शिट्टीवाले म्हणत. ते म्हणाले, "पोहणं चांगलंय, पळणं होऊन जाईल. सायकल कुठली आहे?" ताई म्हणाली, "आहे घरी एक." खोटं नव्हतं.

रविवारी आम्ही आगगाडी जिन्याखालून ओढून काढली. साखळीला तेल घातलं, टायरांत हवा भरली. ताई पुढे बसली आणि मागे बसायला मी. माझं वजन हा आमच्या घरात बोलायचा विषय नाही, पण सायकलला तो काढावाच लागला. निघालो. रस्ता सरळ होता तोवर मीही खूश होते. पुढे वळण आलं, आणि ताई वळलीच नाही. अंग वळवलं, मान वळवली, पाय मारले, हँडल मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरून तसंच सरळ ठेवलं. आम्ही थेट समोरच्या कुंपणात. काटेरी मेंदीत आडवी पडून मी तिला म्हटलं, "हँडल कशाला असतं, नुसतं बघायला?" ती उठून आपल्या हातांकडे बघत होती. म्हणाली, "अगं, हे वळतं, हे माझ्या लक्षातच नाही आलं." इतकी वर्षं तिच्या हातात जे हँडल होतं, ते कधी वळलंच नव्हतं ना.

मी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी मागे भाऊजी बसले.

ते कसं ठरलं मला माहीत नाही. मी त्यांच्या समोरच्याच दारात राहते. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर दोघं जिन्यात, भाऊजींच्या पायात बूट, एक हात आगगाडीच्या मागच्या सीटवर. चेहरा असा, की मी दार पुन्हा लोटून घेतलं. त्यांना मागे बसवून ताई शिकली. ते मागून सांगायचे, "हँडल आवळू नकोस. सैल धर. जिथे जायचंय तिथे बघ, चाकाकडे नको." आणि आता ताई पुढून सांगायची: "खड्डा", "वळतेय", "सोड". तिला सांगायला उशीर व्हायचा, खड्डा आधी यायचा आणि शब्द मागून. मग गल्लीच्या तोंडापर्यंत दोघांचं हसणं ऐकू यायचं. भाऊजी तर बदललेच. जेवताना बोलायला लागले. फोनवरच्या तक्रारी नकला करून सांगायला लागले. आज हवा कशी होती, उतारावर कानात कसा आवाज भरला, हे मला सांगायचे, आणि मी कामाचा खोळंबा करून ऐकायची.

शर्यतीला थोडे आठवडे राहिले तेव्हा शिट्टीवाल्यांनी आगगाडी बघितली. एकदा चहूबाजूंनी फिरून बघितली आणि म्हणाले, "ही चालायची नाही. दोघांची सायकल एकट्याच्या शर्यतीत घेत नाहीत." मग भाऊजींच्या काठीकडे त्यांचं लक्ष गेलं. म्हणाले, "एक वाट आहे. दृष्टी नसलेल्या स्पर्धकाला ही सायकल चालते. ते स्पर्धक, तुम्ही त्यांच्या सोबती. पोहताना दोरी बांधायची, पळताना दोरी बांधायची, सायकलवर तुम्ही पुढे. निकालात नाव अर्थात त्यांचं लागेल."

भाऊजी लहानपणी पोहायचे. ते तिथल्या तिथेच म्हणाले, "जमेल." घरी येईपर्यंत त्यांनी पोहायचे कपडे कुठून आणायचे तेही ठरवलं. दोन दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आणि ताई गप्प. ती गप्प असली की भांडी जास्त घासते. त्या दोन दिवसांत तिच्या घरातल्या सगळ्या पातेल्यांचे तळ लखलखले.

तिसऱ्या संध्याकाळी मी तिच्याकडे शेंगा सोलत बसले होते. भाऊजी म्हणाले, "दोरी कमरेला बांधायची की हाताला, ते विचारून ये उद्या." ताईनं हातातली शेंग खाली ठेवली.

"मला तुमच्याबरोबर नाही जायचं," ती म्हणाली.

भाऊजी हसले. त्यांना वाटलं, चेष्टा आहे.

"एकदाच," ती म्हणाली. "एकदाच मला एकटीला जायचंय. पुढे कुणी नको, मागे कुणी नको. मला रस्ता बघायचाय. मोकळा. सगळा." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका असं मी म्हणणार नाही. वाटेलच."

मी भडकले. समोरच्या माणसाला काही दिसत नाही आणि ही रस्ता बघायच्या गोष्टी करते, असं मी तोंडावर बोलले. आणखीही बरंच बोलले. ताईनं खाली ठेवलेली शेंग उचलून पुन्हा सोलायला घेतली.

भाऊजीच म्हणाले, "गप गं तू. बरोबर आहे तिचं. एवढी वर्षं मी एकट्यानंच बघितला की." मग म्हणाले, "मग सायकल बघायला हवी."

सायकल त्यांनीच मिळवली, आणि ती तक्रारीच्या फोनवर. एक काका होते, वरच्या टेकडीवर राहणारे. त्यांचे दिवे वाऱ्याची झुळूक आली तरी जायचे, आणि ते दर वेळी भाऊजींनाच फोन करून आधी त्यांचा आणि मग कंपनीचा उद्धार करायचे. एकदा त्यांनी रागाच्या भरात सांगितलं होतं की गुडघे ठीक असते तर मी सायकलवरून येऊन तुमचं ऑफिस पेटवलं असतं. भाऊजींनी तेवढंच लक्षात ठेवलं होतं. पुढच्या वेळी दिवे गेले तेव्हा त्यांनी शिव्या पूर्ण ऐकून घेतल्या आणि शांतपणे विचारलं, "काका, ती सायकल आहे का अजून?" काकांनी सायकल नुसती दिली नाही, स्वतः पुसून, सीट खाली करून, टेंपोत घालून पाठवली. वर निरोप, की बाईंना सांगा, हिला पावसात ठेवू नका, आणि माझे दिवे अजून आलेले नाहीत.

बारीक चाकांची, हलकी सायकल. मी एका हातानं उचलली. पहिल्या दिवशी ताई तिच्यावर बसली आणि सायकल तिच्याखाली थरथरायला लागली. इतकी हलकी वस्तू कशी सांभाळायची हे तिला कळेना. सवय लांब, जड आगगाडीची आणि मागच्या वजनाची. दोनदा पडली, कोपर सोललं. पण आठवड्याभरात सरळ जायला लागली, मग वळायला लागली, आणि मग रोज सकाळी एकटीच निघून जायला लागली. परत यायची तेव्हा डोळे असे, की अजून ती पोचलेलीच नाही. मी म्हटलं, "काय काय बघितलंस?" ती सांगायची: एका घराला हिरव्या खिडक्या आहेत, पुलाखाली बदकं असतात, एक म्हातारी रोज त्याच पायरीवर बसून केस विंचरते. आगगाडीवरून ती याच रस्त्यानं हजारदा गेली होती.

आणि भाऊजी? ते रोज त्याच वेळी उठायचे. बूट घालायचे, लेस बांधायचे आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. ताई निघताना म्हणायची, "येते हं." ते म्हणायचे, "ये." चाकांचा आवाज संपला तरी बसून राहायचे. मी एकदा चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "भाऊजी, बूट कशाला घालता मग?" ते म्हणाले, "सवय." मग म्हणाले, "तिला सांगू नकोस, तिचा पाय निघायचा नाही." मी सांगितलं नाही. पण माझी खात्री आहे, ताईला ठाऊक होतं. बूट काही लपत नाहीत. ती रोज ते बघून निघायची आणि तरी निघायची. मला आधी याचाच राग यायचा, आणि मग कधीतरी मला कळलं की यालाच खरं तर जास्त ताकद लागत असणार.

शर्यत गावाबाहेरच्या तळ्यावर होती. भाऊजींना मी घेऊन गेले. ताईनं आदल्या दिवशी विचारलं होतं, "तुम्ही याल का?" ते म्हणाले होते, "म्हणजे काय."

पोहण्याचं मी फारसं सांगू शकत नाही. पाण्यात सगळ्या टोप्या सारख्याच दिसतात. ताई बाहेर आली तेव्हा बरेच जण पुढे गेले होते, पण मागेही काही होते. मी भाऊजींना म्हटलं, "आली, धापा टाकतेय, पण आली." मग आम्ही लगबगीनं तळ्याच्या बांधावरच्या रस्त्याशी गेलो. तिथून सायकली सरळ दूर जायच्या आणि पलीकडच्या चौकातून वळून त्याच रस्त्यानं परत यायच्या. रस्त्याकडेला बांधलेल्या दोरीला टेकून उभे राहिलो. भाऊजींनी माझं कोपर धरलं होतं. सायकल गेली की त्यांची मान थोडी वळायची. आगगाडीचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता, पण ही सायकल परकी होती. सगळ्याच सारख्या सुर्रकन जात होत्या.

"ही?" ते विचारायचे.

"नाही."

"ही?"

"नाही हो, हा मिशीवाला आहे."

मग ताई आली. तिच्या पुढे कुणी नव्हतं, मागेही लांबपर्यंत कुणी नव्हतं. मी अशी ओरडायला लागले की सांगायची सोय नाही. ताई, ताई, करून हात हलवले, दोरीवरून अर्धी पलीकडे वाकले, शेजारचा माणूस बाजूला झाला. तिनं बघितलं नाही. ती गेली.

"गेली?" भाऊजींनी विचारलं.

"गेली. मस्त गेली."

"कशी दिसत होती?"

"छान. निळं हेल्मेट, पट्टा जरा सैल आहे, मी सांगितलं होतं तिला..."

"ते नको," ते म्हणाले. "बसते कशी? कोपरं आत ठेवते की बाहेर? चढ लागला की खांदे हलतात का तिचे? हसते की ओठ चावते?"

मला सांगता येईना. मी बघितलंच नव्हतं, मी ओरडण्यात होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला माहीत नाही होय? एवढी वर्षं..."

"मी पुढे असायचो," भाऊजी म्हणाले. "ती मागे. वळून बघितलं असतं तर दोघं पडलो असतो." त्यांचा चेहरा रस्त्याकडे होता, ज्या बाजूला ती गेली त्या बाजूला. "लोक म्हणायचे, तुझी बायको काय सुंदर बसते सायकलवर. मला वाटायचं, बघू कधीतरी. मी तिला सायकल चालवताना कधी बघितलंच नाही गं."

आणखी दोन-तीन सायकली गेल्या, त्यांनी विचारलं नाही.

मग ते म्हणाले, "ती इथूनच परत येणार ना?"

"हो, चौकातून वळली की."

"मग या खेपेला ओरडू नकोस," भाऊजी म्हणाले. "नीट बघ."

मी चष्मा काढून ओढणीनं पुसला, डोळेही पुसले, आणि दूर रस्ता जिथे लहान होतो तिथे बघत उभी राहिले.